चाळण

कांजूरच्या हळदीत नवरदेवाचा मामा
नाचत नाचत मागे आला
आणि त्याच्या बुटाची टाच
थेट माझ्या पंधरा इंची स्पीकरच्या पोटात.
मामा म्हणाला, सॉरी हां,
आणि पुढच्या गाण्याची फर्माईश केली.

कोन शेवटी कागदाचाच.
टिश्यू पेपर आणि फेविकॉलचे तीन थर देऊन
भोक बुजवलं, मग रात्रभर पंख्याखाली
ताप आलेल्या पोरासारखा निजवून ठेवला.
मेल्विन म्हणाला, आता तरी जाळी बसव.
लॅमिंग्टन रोडला तयार जाळी चौदाशे.
त्या हळदीचे मला मिळाले आठशे,
त्यातले दोनशे टेम्पोने नेले.

पार्कसाइटच्या टेकडीवर, आमच्या वर सतरा पायऱ्या,
इंदूबाई वाघमोडे राहतात.
बत्तीस वर्षं बिगारी केली.
पवईचे कितीतरी टॉवर
त्यांच्या डोक्यावरून गेलेत, एकेक घमेलं करत.
खाटेखाली रेती चाळायची चाळण पडून होती,
चौकट कुजलेली, तार शाबूत.
"काय चाळणार?"
मी म्हणालो, आवाज.
ऐकू गेलं नाही त्यांना. मी ओरडलो, आवाज!
तर शेजारचे दोघे भांडण बघायला बाहेर आले.
शंभर रुपये घेतले. म्हणाल्या, लाकूड परत आण,
पाणी तापवायला होईल.

पत्र्याची कात्री उसनी आणली.
तार कापली की तिचं टोक उसळतं,
बोट शोधत येतं.
कडा दुमडल्या, हातोडीने चेपल्या,
एका मोडक्या शोकेसच्या पट्ट्यांवर ठोकल्या.
पट्ट्या दोन बोटं जाडीच्याच हव्यात,
कारण बेस वाजला की कोन जागचा उठतो,
त्याला उठायला जागा लागते.
काळा रंग स्प्रेनेच मारला. ब्रशने भोकं बुजतात.

मग जॅक लावला आणि सगळ्यात जाड तार मोकळी छेडली.

कर्रर्र.
तोंडात खडा आल्यासारखा सूर.
आणि विणीत अडकलेली रेती
बारीक बारीक लादीवर पडायला लागली.
दोनदा धुतली होती मी, घासून, साबणाने.
तरी.
कुठल्या मजल्याची राहिलेली, काय माहीत.

रबराचे चौकोन कापून चार कोपऱ्यांत दाबले.
कुरकुर राहिलीच, म्हणून मधल्या आडव्या पट्टीखाली पाचवा.
आई अजून डावी स्लीपर शोधतेय.

लाकूड न्यायला इंदूबाई स्वतःच उतरल्या,
एका पायरीवर दोन पाय ठेवत.
मी सराव करत होतो.
उंबऱ्यात थांबल्या. आत आल्या.
काही न विचारता कॅबिनेटच्या प्लायवर
तळवा ठेवला, भाकरी थापताना ठेवतात तसा.
"मिक्सरनं कान नेले माझे," म्हणाल्या.
"नातीचं बोलणं येत नाही. कुकरची शिट्टी येत नाही.
हे येतंय."

मी वाजवत राहिलो. गाणं असं काही नव्हतं,
चारच सूर, पुन्हा पुन्हा.

"आणखी खाली जातं का?"

माझ्या गिटारला चार तारा, त्याखाली काही नाही.
पण मी खुंटी सैल केली, आणखी थोडी,
तार लोंबायला लागली, सूर जमिनीत शिरला
आणि पाचही रबरं असून
जाळी पुन्हा करकरली.
मी पटकन तारेवर हात दाबला. म्हणालो, थांबा,
अजून एक तुकडा लावतो.

त्यांनी तळवा उचलला नाही.
"राहू दे," म्हणाल्या, "चाळणच ती.
हलवली आणि गप्प बसली
असं मी तरी कधी पाहिलं नाही."