रहमिम

रेशनकार्डावर रहमान,
शाळेच्या दाखल्यात रामजी,
रेवदंड्याच्या बाजारात नुसता
शनवार तेल्याचा नातू.
मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

मुळाशी तीन अक्षरं, हजान म्हणाला,
रेश, हेत, मेम.
अर्थ गर्भाशय. दया त्यातूनच निघते.
मला हसूच फुटलं.
पुरुषाच्या नावात गर्भाशय!

ल्यामावशी हसली नाही.
नारळ खवता खवता म्हणाली,
दोन रात्री आडवा होतास तू.
पलीकडची सुईण आली
भर उधाणात, खाडी ओलांडून.
पैसे घेईना.
म्हणाली, पोटात कालवलं, म्हणून आले.

तिचं नाव काय होतं?

मावशीची खवणी थांबली.
नाव कुणी विचारलंच नाही रे,
सुईणच म्हणायचो.