हौल्टन ते प्रेस्क आईल, चाळीस मैल

सकाळी सहाला मी प्लूटोवरून निघते,
सूर्याकडे कामाला.
हे नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
झोप पुरी होत नाही का गं तुझी?

पण आहे तसंच. मेन राज्याच्या या टोकाला
रूट वनच्या कडेनं कुणी ग्रह रोवलेत लोखंडी खांबांवर,
बटाट्याच्या शेतांमधून, मोजूनमापून:
सूर्यापासून पृथ्वी एक मैल,
पृथ्वी सोललेल्या नारळाएवढी, चंद्र आवळ्याएवढा,
आणि आमचं भाड्याचं घर पार प्लूटोच्या गल्लीत.

नेपच्यून अंधारातच जातो.
युरेनसपाशी थर्मास उघडते.
मग मार्स हिल नावाचं गाव लागतं, पण मंगळ तिथे नाही.
नावाच्या गावी राहायचं बंधन ग्रहांना नाही,
मलाही नाही.
वेस्टफील्डला शनी, कडं जरा वाकलेलं.
चाळीसगावात ज्यानं साडेसात वर्षं आईला तेल वाहायला लावलं
तो इथे चार सेकंदांत मागे पडतो.
मंगळ खूप पुढे, शहराच्या पाटीजवळ, लिंबाएवढा.
या लिंबापायी माझी अकरा स्थळं परत गेली.
पहिल्यांदा दिसला तेव्हा गाडी थांबवून हात लावून आले.
गार होता. रंग उडालेला.
राहू-केतूंना मात्र खांब मिळालेला नाही.

"गुरू मी रंगवला,"
दोन नंबरच्या खुर्चीवरचे आर्मां सिर सांगायचे,
आठवड्यातून तीनदा, मी सुई टोचताना,
दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.
शाळेच्या वर्कशॉपचे मास्तर होते.
"तो तांबडा डाग? ट्रॅक्टरचा रंग.
पोराच्या हातून डबा कलंडला, पोरगं रडायला लागलं.
म्हटलं, रडतोस काय, वादळच आहे ते.
आपण योग्य जागी सांडलं."
हिशेबही त्यांनीच शिकवला, रक्त मशीनमधून फिरत असताना:
या रस्त्यावर प्रकाश ताशी सात मैलांनी चालतो,
सायकल शिकणाऱ्या पोराइतका.
"आणि तू पन्नासनं येतेस.
सूर्याला कळायच्या आत.
जपून चालव, हरणं असतात."

बटाटे काढायची सुट्टी लागली त्या आठवड्यात
शनीच्या अलीकडे फोन वाजला.
दोन नंबरचं मशीन आज लावू नकोस,
इतकंच.
मी काही विचारलं नाही.
प्रकाशाच्या सातपट पळणाऱ्या बाईला
बातमीनं गाठायलाच नको होतं खरं तर.

गुरू दिसला आणि पाय आपोआप उचलला गेला.
तीस. वीस. बारा.
सातवर धरून ठेवली गाडी.
मागे बटाट्यांचा ट्रक, त्याच्यामागे आणखी एक,
हॉर्न, मग लांबलचक हॉर्न.
या वेगात घड्याळ थांबतं, असंही ते म्हणाले होते कधीतरी.
माझं चालू होतं.
खिडकीत गुरू आला, माझ्याएवढा उंच,
मग तो डाग,
खालपर्यंत ओघळ,
आणि पुसायचा प्रयत्न केलेली बोटं.
लहान बोटं होती.
चार वर्षं पन्नासच्या वेगात
ती मला दिसली नव्हती.

ट्रक शिव्या देत पुढे गेले. त्यांचंही बरोबर होतं,
पाऊस यायच्या आत बटाटे आत जायला हवेत.

"उशीर?" वॉर्डच्या दारात कुणीतरी म्हणालं.
"आठ मिनिटं," मी म्हटलं.
दोन नंबरची खुर्ची नुकतीच पुसलेली,
ओली होती अजून.
ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं.
खुर्चीपर्यंत यायचं होतं.