चाळीसवर अडकलेला काटा

पुलगावच्या भंगारात तो वजनावर मिळाला,
चौऱ्याऐंशी किलो, किलोला एकतीस.
कुरेशी म्हणाला, "मॅडम, काटा पाहा, चाळीसवर हाये.
म्हणजे अजून जीव हाये यात."
मी टाकीखालचा कॉक फिरवला.
हवा नाही. घोटभर तांबडं पाणी,
कोऱ्या चहासारखं,
आणि काटा चाळीसवरच.
खोटं बोलायची सवय लागलेला काटा.
तेवढ्यावरून मी शंभर रुपये पाडले.

गाय विकल्यापासून कोठा रिकामाच होता.
गव्हाणीच्या कडेवर आता व्हाइस बसवलाय,
खुंट्याला पाने टांगलेत, दहा-अकरा, बारा-तेरा.
आयटीआयला फिटर ट्रेडच्या बावीस पोरांत मी एकटी,
नंतर तिथंच सव्वीस वर्षं शिकवलं,
तरी शेजारचा गुणवंता कुडावरून डोकावतो:
"बाई, हे कायले आणलं? दुकान टाकून राहिल्या का?"
नाही, म्हटलं.
"मंग कायले?"
उत्तर नव्हतं,
म्हणून हेड खोलायला घेतलं.

तीन बोल्ट निघाले. चौथा निघेना.
त्याला डिझेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
सकाळी तापवला, डोक्यावर दोन टिचक्या दिल्या,
तेव्हा झोपमोड झालेल्या माणसानं दार उघडावं
तसा करकरत वळला.
हवा आत जाते त्या तोंडात कुंभारमाशीचं घर,
मातीचं, नीट लिंपलेलं, आत दोन वाळक्या अळ्या.
व्हॉल्व्हची पाती काळी, एक चिरलेली.
रिंगा अमरावतीहून आल्या,
दोनदा चुकीच्या.
गॅस्केट मी स्टीलच्या वाटीचा घेर धरून
घरच्या कात्रीनं कापलं.

मग टाकी खरवडली. हिरव्याखाली लाल,
लालखाली निळा, आणि निळ्यावर कुणीतरी ब्रशनं:
सायकल १ रु. बंडी २ रु.
पोस्टमन फुकट.
कोणत्या गावचा पोस्टमन? कोण हा मालक?
कुरेशीला फोन लावला. त्यानं वर्ध्याहून उचललेला,
वर्ध्याच्यानं आर्णीहून,
पुढं कुणाला ठाऊक नाही.
मी त्यावर रेड ऑक्साइड मारलं.
गंज अक्षरं बघून थांबत नाही.

भीती टाकीचीच होती.
पत्रा आतून किती खाल्लाय ते वरून कळत नाही.
पोरांना मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून द्यायची:
हवा फुटली तर माणूस नेते,
पाणी फुटलं तर पाय भिजवते.
म्हणून टाकी काठोकाठ पाण्यानं भरली,
गुणवंताचा संत्र्यावर फवारायचा पंप जोडला,
नवा काटा बसवला. पाच किलो. आठ. साडेदहा.
मी कोठ्याबाहेर, गुणवंता लिंबाच्या बुंध्याआड,
ज्याचा पंप तोच सगळ्यात लांब.
अर्धा तास काटा जागचा हलला नाही.
"आता तं पटलं न बाई?"
पटलं, म्हटलं.

संध्याकाळी गावात व्होल्टेज एकशे ऐंशी,
मोटर नुसती हुंकारून बसायची.
पहाटे चारला उठून बटण दाबलं.
पट्टा एकदा किंचाळला, फ्लायव्हीलनं अर्धा फेरा विचार केला
आणि मग धक्‌धक्, धक्‌धक्,
वस्तीवरची सगळी कुत्री एकदम.
काटा शून्यावरून उठला.
खरं बोलणारा काटा फार हळू चालतो.
सात किलोवर स्विच पडला, टक्.
एवढं शांत झालं
की आढ्यावरची पाल ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर साडेसहा.
अर्धा किलो रातोरात कुठं गेला?
साबणाचा फेस सांध्यासांध्याला लावत गेले.
कॉकच्या आट्यांपाशी एक बुडबुडा आला,
ज्वारीच्या दाण्याएवढा, मग बोराएवढा,
त्यात उलटा कोठा, उलटी मी,
फुटला.
पुन्हा दाण्याएवढा.

पाना हातातच होता.
गुणवंता कुडावरून म्हणाला, "आवळून टाका न बाई."
थांब, म्हटलं.
अजून एक येऊ दे.