चिमटा

डोळ्यांची गाडी वर्षातून एकदा येते,
कोरडी नदी ओलांडून, टेफच्या शेतांवर धूळ उडवत.
चर्चच्या आवारात तंबू. तंबूत दोन डॉक्टर.
बाहेर टेबलाशी मी, रजिस्टर उघडून :
नाव, गाव, डोळा डावा की उजवा.

येशीमबेत आली तेव्हा उन्हं कलली होती.
दोन दिवस चालत, भावाच्या खांद्यावर हात ठेवून.
मी नाव विचारलं. भाऊ नुसता हसला.
"त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली,
"तू त्याच्याकडे बघून विचारलंस.
आवाज माझ्या बाजूनं गेला."

तिच्या गळ्यात दोरा, दोऱ्याला चिमटा,
लोखंडी, टोकाशी झिजून चकचकीत.
पापण्या आत वळलेल्या. डोळा मिटला की
केस बुबुळावर घासतात, वाळूसारखे.
अकरा वर्षं रोज सकाळी
देस्तानं तिला दारात बसवून
एकेक केस उपटला.
"मी ओरडते. त्याला कळत नाही.
म्हणून त्याचा हात हलत नाही."

डावा तरीही गेला. आता उजवा.

"किती पडतील?"
काही नाही, म्हटलं. धर्मादाय आहे.
"एक शेळी विकून निघालो," ती म्हणाली,
"आणि हा म्हणतो, काही नाही."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात.
आमच्या गाडीत देव नसतो.
टाके घालायचा धागा असतो, तोही मोजून.
त्या दिवशी तिच्यानंतर सहाजण उरले.
त्यांना सांगायचं कामही माझंच :
पुढल्या वर्षी या.
पुढल्या वर्षी, ज्यांना तोवर दिसत राहील ते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
धुक्यातून बघावं तसं तिनं बघितलं :
तंबू, माझं टेबल, एक गाढव.
मग देस्ताला खाली बसवलं,
त्याचं डोकं मांडीवर घेतलं,
आणि त्याच चिमट्यानं, निम्मं बघत निम्मं चाचपत,
कानातला भिजका कापूस ओढून काढला.
वास माझ्यापर्यंत आला.
लहानपणापासून वाहतो, म्हणाली.

"कानांची गाडी कधी येते?"

मी रजिस्टरची पानं उलटली,
जणू तिथं काही सापडणार होतं.
तिला आता माझा चेहरा दिसत होता,
हे मी विसरलोच होतो.

कानाला रकाना नाही.
पानाच्या कडेला, जिथं काही लिहायचं नसतं,
तिथं लिहिलं :
देस्ता. कान. दोन्ही.