सव्वा इंच

उद्यमबागेत साडेसातला शटर वर जातं
तेव्हा आधी बाहेर येतो कालचा वास:
कूलंट, घासलेलं लोखंड,
बसलिंगच्या डब्यातली शेंगाचटणी.

"चार इंच वाढीव कर की अक्का,"
वैजू कालपासून हेच म्हणालाय.

त्याची क्वाड गोव्यातल्या कुणा हौशी माणसाची.
चोर्ला घाटातून टेम्पोत बांधून आणलेली.
अजून कुठलाही बोल्ट सोडवला
की चिमूटभर समुद्र गळतो फरशीवर.

मागची चाकं जिथं धरली जातात
त्या लोखंडाला वैजू म्हणतो स्विंगआर्म.
बसलिंग म्हणतो तोळु, म्हणजे हात.
मी काहीच म्हणत नाही, आधी मापते.

गेल्या शिमग्यात
जांबोटीकडच्या बंद खाणीत
जांभ्याच्या चढावर पुढची चाकं उठली,
आणि उठतच गेली.
वैजूच्या खांद्यात आता जी पट्टी आहे
तसलं स्टील माझ्या रॅकमध्येसुद्धा नाही.

म्हणून चार इंच.
लांब हात, जड नाक,
चढावर गाडी जमीन सोडणार नाही.
खरं आहे त्याचं. सरळ चढापुरतं.

मी खडूनं फरशीवर तीन रेघा ओढल्या:
मूळचं माप, दोन इंच, चार.
चार इंचांची रेघ फार शहाणी दिसत होती,
कधीच न पडलेल्या माणसासारखी.

मग त्याला सीटवर बसवलं.
गाडी घोडीवर, चाकं काढलेली.
म्हटलं, डोळे मीट, खाणीचा रस्ता सांग.
तो सांगू लागला आणि हात सांगू लागले:
डावीकडं, लगेच उजवीकडं,
पाण्याच्या डबक्याला वळसा,
चिंचेखालून पुन्हा डावीकडं,
पुन्हा, पुन्हा.
बसलिंग बोटं मोजत होता. एळु, म्हणाला. सात.
चढ आला तेव्हा वैजूचे हात थांबले,
आणि श्वाससुद्धा.
एवढाच तो. एक.

सात वळणांची गाडी
एका भीतीच्या मापानं कशी कापायची?

अप्पा फाउंड्रीत पॅटर्न करायचे.
सागवानात कोरलेलं प्रत्येक माप
खऱ्यापेक्षा किंचित मोठं.
"धातू निवताना अंग चोरतो," म्हणायचे,
"तेवढं त्याला आधीच द्यायचं.
जास्त दिलंस तर तो धातूचा दोष नव्हे, तुझा."
त्यांची फूटपट्टीच वेगळी होती, फुगलेल्या इंचांची.
लहानपणी मी तिनं माझी उंची मोजायची
आणि शाळेत खोटी ठरायची.

शेवटी साखळीनं ठरवलं.
साखळीला अर्धी कडी कळत नाही.
दोन वाढवल्या तर हात सरकतो पाऊण इंचालाही कमी,
चार वाढवल्या तर बरोबर सव्वा.

"सव्वा?" वैजूचं तोंड पडलं.
"नारळावर ठेवायला काय?"

होय की. नारळावरच ठेव.

क्रोमोलीची नळी कापली, जिगमध्ये आवळली.
टाके आधी चार कोपऱ्यांत,
मग आलटूनपालटून,
कारण वेल्डही निवताना स्वतःकडं ओढतं
आणि एका बाजूला लाड केले
की चाक आयुष्यभर तिरकं बघतं.
ब्रेकचा पाइप नवा घातला.
मागचा शॉक एक घर कडक केला,
हात लांबला की तो मऊ पडतो,
हे वैजूला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही.

संध्याकाळी त्यानं गल्लीत गाडी फिरवली,
स्टीलच्या गोदामापासून चहाच्या टपरीपर्यंत.
टपरीपाशी वळला.
एका दमात, रिव्हर्स न टाकता.
चढ इथं नाही. चढाचं कुणाला ठाऊक.

"रविवारी येणार बघायला?"
मी म्हटलं, बघू.

जुना हात भिंतीला टांगलाय, खिळ्यावर,
कापायचा नाही अशी चिठ्ठी बांधून.
बसलिंगनं विचारलं, कशाला ठेवलास?
मला कन्नडमध्ये उत्तर येईना,
मराठीतही.
फरशीवरच्या दोन रेघा पुसल्या.
तिसरी, चार इंचांची,
कुणाच्या तरी चपलेनं आधीच अर्धी नेली होती.