सूतभर

नव्या परिपत्रकात लिहिलंय :
तासाला दहा लिटर वाहिलं तरी
काटा हललाच पाहिजे.
जुना मीटर तेवढ्याला जागा होत नसे.

शिवडी कोळीवाड्यात हे दोघांनाच ठाऊक.
मला, आणि धुरपी वैतीला.
पाण्याची वेळ संपली की
ती नळ सूतभर सैल ठेवी,
खाली हंडा, तोंडावर फडकं.
थेंबाचा आवाज मीटरला नको जायला, म्हणायची.
सकाळी हंडा काठोकाठ
आणि माझ्या वहीत मागचाच आकडा.
मी सुकटीचा वास घेत पुढच्या दाराला.

आज वर्कशॉपात नवा मीटर बसवला.
धार दोऱ्याएवढी.
काचेखालची तांबडी चांदणी
हलली. थांबली. परत हलली.
साहेब म्हणाले, बरोबर आहे, सही करा.

बरोबरच आहे.
समोरच्या चाळीस मजल्यांत
रात्रभर पाझरणारे फ्लश
इतकी वर्षं कुणी मोजले?

सही केली.
घरी आल्यावर मोरीतला नळ
घट्ट पिळला,
मग उगाच सूतभर सैल केला
आणि हंड्यावर फडकं टाकून
कान देऊन बसलो.