एकास सोळा

सुरुवात सगळे ट्रॅक्टरने करतात.
मीही कागदावर आधी ट्रॅक्टरच काढला
आणि मागच्या चाकाच्या नक्षीत अडकले.
एका बाजूला बावीस गट्टू, दुसऱ्या बाजूला बावीस,
प्रत्येक तिरका, प्रत्येक सुटा कापायचा.
तीन रात्री मोजला, चौथ्या रात्री खोडला.

वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं
दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं मी ट्रेस केली.
कुठला बोल्ट कुठे बसतो, मला माहीत.
बसताना कसला आवाज करतो, ते नाही.
आता टेबल वर्तकनगरच्या गॅलरीत आहे, कुंड्या सरकवून.
तुपाच्या डब्याचा पत्रा, छत्रीच्या काड्या,
विणायची दहा नंबरची सुई, एक कानस.
झाला कारखाना.

निरंजन म्हणाला, आई, हार्वेस्टर घे, भारी दिसेल.
फाइल मिळते, ऑफिसातून प्रिंट करून आणतो.
मी म्हटलं, मग ते तुझ्या ऑफिसचं होईल.
तो म्हणाला, बरं.
बरं म्हणताना तो बापासारखा दिसतो.

मळणीयंत्र?
त्याच्या पोटात काय चालतं ते बाहेरून कळत नाही,
आणि जे कळत नाही ते खोटं बनवायचा मोह होतो.
पाभर? लाकूड माझं ऐकत नाही.
रोटाव्हेटरला पाती छत्तीस.
नांगर फार लवकर संपेल,
मग डिसेंबरात काय करू?

बाळकुमला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
हसुराम भोईरांच्या तबेल्यात चीक आणायला गेले होते.
शेणाच्या टोपल्यांमागे उभी होती कडबाकुट्टी.
एक चाक. दोन पाती. एक मूठ. घास घ्यायला एक तोंड.
आणि चाकाला पाच आरे, पाचही वळलेले,
घाईत लिहिलेल्या उकाराच्या शेपटासारखे.
तीनशे साठ भागिले पाच, बहात्तर.
बहात्तरचा कोन मी झोपेतही काढेन.

मोजू का, विचारलं.
"मोज ना गो बाय. भंगारवाला पन मोजूनच नेनार."

पिशवीतून टेप काढली, व्हर्नियर काढला.
चाक एक हजार छप्पन. सोळाने नेमका भाग जातो, सहासष्ट.
पात्याची जाडी सहा. भागली तर उरते
तुपाच्या डब्याच्या पत्र्याएवढी, जरा जास्त.
मुठीपाशी मात्र थांबले. लाकूड मध्ये खचलेलं.
मुळातली जाडी लिहू, की हातांनी खाऊन उरलेली?
उरलेली लिहिली.

भोईरांनी डावा हात पुढे केला.
तर्जनी मधल्या पेरापाशी संपलेली.
"ह्यो पन लिव. ब्यान्नव साल. चारा वला व्हता."
मी व्हर्नियर धरून तशीच उभी.
ते हसले. म्हैस रवंथ करत राहिली.
मग मी खरंच मोजलं, जे नव्हतं ते,
त्यांच्या उजव्या तर्जनीवरून:
पस्तीस मिलिमीटर.
भागिले सोळा.
दोन, आणि वर थोडं.

ठरलं का, निरंजनने जेवताना विचारलं.
कडबाकुट्टी, मी म्हटलं.
"ती कोण ओळखणार?"
म्हैस.

रात्री बाळकुमच्या वहीवरून आराखडा उतरवला,
आणि त्यात एक गोष्ट आली जी तबेल्यात नव्हती:
तोंडापुढे पत्र्याची आड,
दोन मिलिमीटर रुंद, आणि वर थोडी.
नमुना करणारा कुणीही म्हणेल, चूक आहे.
चूकच आहे. मूळ यंत्राला ती कधीच नव्हती.
खोडरबर उचललं, ठेवलं,
शेवटी ती रेघ तुटक केली.
आराखड्यात तुटक रेघेचा अर्थ ठरलेला असतो:
आहे, पण इथून दिसत नाही.

पत्रा उद्या कापेन.
कुकरची शिट्टी काढून ठेवलीय, आत खरवस आहे,
आणि वेलदोडे संपलेत.